दोन लाखांची शेगडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याहून माझ्या मामेभावाचा फोन आला. आम्ही सारी भावंडे त्याला दादा म्हणतो. दादा म्हणाला, "तू कॉलेजात शिकतं ना व? मंग येऊन पाह्य एकडाव. दोन लाखाची मशीन घेतली, अन् दुपार झाली का बसून रायते म्हशीवानी!"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत, इंग्रजीत छापलेले काहीही दिसले की ते माझ्यापुढे येते. तेव्हा एक दिवस संगणकही यावा यात नवल ते काय?

दादा लग्नाचे चित्रीकरण करतो आणि रात्री गेम खेळतो. दोन्हींसाठी मिळून त्याने 'हाय-एंड' म्हणतात तसला गेमिंग संगणक सुटे भाग जुळवून करून घेतला होता. निम्मे पैसे पतसंस्थेच्या कर्जाचे. आता लग्नसराई असते एप्रिल-मेमध्ये, आणि संगणक मंदावू लागला तोही नेमका एप्रिल-मेमध्येच! गेम अडखळतो हे एक वेळ सोसता येईल. पण नवरीकडची मंडळी व्हिडिओसाठी दारात येऊन बसतात आणि कर्जाच्या हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "गेम जड आहे."

गेम जड नव्हता. मग काय होते, हे शोधताना मला जे उमगले ते येथे सांगते आहे. 'हे पोरांचे खेळ' असे म्हणून आमच्या प्राध्यापकांनी पान उलटू नये, एवढी विनंती. कारण यात जे शास्त्र आहे ते आपण सर्वांनी दहावीत शिकून सोडून दिलेले आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की संगणक आत गेलेली वीज कुठे साठवत नाही. पंप पाणी वर चढवतो, गिरणी दळण दळते, तसे काही येथे घडत नाही. जेवढी वीज आत जाते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ५०० वॅट ओढणारा संगणक आणि ५०० वॅटची शेगडी, खोलीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. दादा रोज चार तास संगणक जोरात चालवतो असे धरले, तर २ युनिट वीज झाली. एवढी उष्णता सगळीच्या सगळी वीस लिटर पाण्याच्या बादलीत गेली तर ते पाणी उकळेल. मे महिन्यात अकोल्यात बंद खोलीत बसून कोणी बादलीभर पाणी उकळीत ठेवील काय?

बरे, ही उष्णता सगळ्या संगणकातून सारखी निघाली असती तरी फारसे बिघडले नसते. पण ती निघते मुख्यतः दोन ठिकाणांहून, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरच्या आतली चिप नखाएवढी असते आणि तेवढ्या जागेतून शंभरएक वॅट बाहेर पडतात. आपली कपड्यांची इस्त्री हजार वॅटची असते खरी, पण तिचा तळ तळहाताहून मोठा असतो. नखाएवढ्या जागेची ही इस्त्री सतत थंड ठेवायची, हे कूलिंगचे काम.

आता वेगाचे गणित पाहू. मला वाटते, सगळ्या खरेदीची किल्ली येथेच आहे. चिपमध्ये उत्पन्न होणारी उष्णता ढोबळमानाने तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि तिला दिलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा म्हटले की व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा, दोन्ही दहा-दहा टक्के वाढवली. मग १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३! वेग वाढला १० टक्के, उष्णता वाढली ३३ टक्के. हे वरचे दहा टक्के फार महाग पडतात. एकदा ते चिप विकत घेताना मोजावे लागतात, पुन्हा तिची उष्णता बाहेर काढायला मोठा कूलर घेताना, आणि तिसऱ्यांदा विजेच्या बिलात. आणि कंपन्या तर एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी आपल्या सर्वांत महागड्या चिपा याच वरच्या दहा टक्क्यांत चालवून विकतात.

उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्याचा मूळ आकडा १२५ वॅट, पण जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जाण्याची त्याला मुभा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ७ ७८००एक्स३डी आला होता. त्याच्यावर आकडा १२० वॅट, कोअर अवघे आठ. पण गेमच्या बाबतीत हा आठ कोअरवाला त्या २४ कोअरवाल्याच्या बरोबरीने चालतो, पुष्कळ गेममध्ये पुढेही जातो. याचे इंगित आहे त्याच्या ९६ मेगाबाइटच्या कॅशमध्ये. कॅश म्हणजे चिपच्या अगदी उशाशी असलेली स्मृती. आईचा मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी असतो. मोहरीसाठी दरवेळी कोठीत जावे लागले तर भाजी करपेल. गेममध्ये तोच तो माहितीचा साठा पुन्हा पुन्हा लागतो. तो हाताशी असला की धावपळच करावी लागत नाही, मग वेग कमी असून भागते. यात एक उणीव मात्र होती. ही जादा कॅश चिपच्या डोक्यावर बसवलेली होती, आणि उन्हाळ्यात गोधडी पांघरावी तशी ती उष्णता अडवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या खाली नेली आणि कोअर कूलरच्या जवळ आले. कोणता थर वर आणि कोणता खाली, एवढ्याने किती फरक पडावा! पण पडतो.

उलट बाजूही सांगायला हवी. तीन-चार तासांचे लग्न कापून जोडून बांधायचे असेल तर जास्त कोअर उपयोगी पडतात, आणि आय-९ तेथे सरस आहे. मात्र २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत बिघाड होऊ लागल्याचे उघड झाले. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज हे त्याचे कारण कंपनीने सांगितले, ऑगस्टमध्ये दुरुस्तीची आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे तसा प्रोसेसर आहे त्यांनी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करून घ्यावे.

पण प्रोसेसरपाशी मी जरा घाईने आले. खरी सुरुवात करायला हवी पडद्यापासून. साधा फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. हे सगळे बिंदू सेकंदाला साठ वेळा, हौशी पडद्यावर १४४ वेळा, नव्याने रंगवायचे आणि ते काम ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून आधी पडदा ठरवावा, त्याला झेपेल असे कार्ड घ्यावे, मग प्रोसेसर. गेमही पाहावा. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला कार्डापेक्षा प्रोसेसरची चपळाई लागते. सायबरपंक २०७७ सारखा गेम सगळी प्रकाशकिरणांची गणिते चालू ठेवून खेळायचा तर भले भले कार्ड धापा टाकते. दादाकडे पडदा होता फुल एचडी आणि कार्ड होते फोर-केचे. बैलगाडीला ट्रॅक्टरचे चाक!

कार्डांचे वॅट तर प्रोसेसरलाही लाजवतील. २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे, जानेवारी २०२५ मधले ५०९० हे ५७५ वॅटचे. त्याच पिढीतले ५०७० टीआय ३०० वॅटचे आणि ५०७० अडीचशेचे. ४५० वॅट १२ व्होल्टने द्यायचे म्हणजे साडेसदतीस अँपिअर प्रवाह एका बोटभर जोडणीतून न्यायचा! आपल्या घरातली गीझरची जाड पिन १६ अँपिअरची असते. ४०९० बाजारात आल्यावर काही ठिकाणी ही जोडणी वितळली. पिन पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक कारण निघाले. तेव्हा ती पिन शेवटपर्यंत दाबून बसवावी आणि तारेला तिच्या मुळाशीच बाक देऊ नये.

आता दहावीचे पुस्तक उघडू. ओहमचा नियम आठवतो ना? व्होल्टेजमधला फरक म्हणजे प्रवाह गुणिले रोध. उष्णतेचेही अगदी तसेच आहे. तापमानातला फरक म्हणजे वॅट गुणिले वाटेतला रोध. समजा, चिपपासून हवेपर्यंतच्या वाटेचा रोध दर वॅटला ०.३५ अंश आहे आणि चिप १२० वॅट ओकते आहे. गुणाकार ४२. म्हणजे चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४२ अंशांनी तापणार. पौषात खोलीत २५ अंश असतील तर चिप ६७ वर. मे महिन्यात खोली ४२ वर गेली तर चिप ८४ वर. आणि डब्यात वारा कोंडून आतली हवा आणखी आठ अंशांनी तापली तर ९२. पण ७८००एक्स३डीची मर्यादा आहे ८९! मर्यादा आली की चिप जळत नाही, ती शहाणी असते. ती आपला वेग आपणच कमी करते. धूर नाही, आवाज नाही, काही मोडत नाही. पैसे मोजून घेतलेला वेग गुपचूप नाहीसा होतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते, गेम जड आहे.

कूलरचे सगळे प्रकार म्हणजे हा रोध कमी करण्याच्या युक्त्या. चिप आणि तांब्याचा तळ यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यात हवा असते. हवेसारखा उष्णतेचा अडसर नाही. म्हणून तेथे थर्मल पेस्ट लावायची, थोडीच, वाटाण्याएवढी. पेस्ट पोकळ्या भरण्यापुरती असते. जाड लेप दिला तर तोच अडसर होतो. पुढे उष्णता हीट पाइपांत शिरते. तांब्याची ही नळी भरीव वाटते, पण आतून पोकळ असते आणि तीत थेंबभर पाणी कमी दाबाखाली कोंडलेले असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते, आणि नळीच्या आतल्या अस्तरातून पाणी पुन्हा मागे झिरपते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण पाहा, तोच खेळ. याला ना मोटार लागते, ना वीज. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा असाच हवेचा कूलर. २०१४ साली निघालेला, आणि चांगल्या कूलरांत त्याचे नाव अजून घेतात.

दुसरा प्रकार पाण्याचा. येथे नावच फसवते. 'वॉटर कूलिंग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माठ येतो. दादालाही दुकानात तसेच वाटले होते. पण माठातले पाणी पाझरते, उडून जाते, आणि उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ हवेपेक्षा गार. संगणकातले पाणी बंद नळ्यांत फिरते, ते कुठेही उडत नाही. ते फक्त उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेते. जीपच्या इंजिनात असते तीच व्यवस्था. खोली ४२ अंशांवर असेल तर ते पाणी ४२ च्या खाली कधीही जाणार नाही, मग त्यासाठी पाच हजार मोजा नाही तर पंचवीस हजार. अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर हवा हे खरे. पण शंभर-सव्वाशे वॅटच्या प्रोसेसरला चांगला हवेचा कूलर पुरतो, आणि त्यात पंप नाही म्हणून पंप बिघडण्याची भीतीही नाही. पाण्याचा घेतलाच तर एक पाळावे. पंप हा सगळ्या मांडणीतला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये, नाही तर पाण्यातली हवा तेथे जमते आणि पंप कुरकुरू लागतो.

इतके करून उष्णता डब्यातच राहिली तर काय उपयोग? ५०० वॅट बाहेर काढायचे आहेत आणि डब्यातली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असे धरून मी गणित मांडले. उत्तर आले सेकंदाला सुमारे ४३ लिटर हवा. दोन बादल्यांहून जास्त हवा, दर सेकंदाला! ती समोरून आत यायला आणि मागून-वरून बाहेर जायला मोकळी वाट हवी. म्हणून कॅबिनेट घेताना समोर जाळीचे घ्यावे. समोरून काच आणि आत रंगीत दिवे असलेले डबे दुकानात फार शोभतात. दुकानात एसी असतो.

दादाच्या खोलीत गेले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. समोरून काचबंद डबा. तो टेबलाच्या लाकडी कप्प्यात, मागची बाजू भिंतीला टेकलेली. आणि धूळ बसू नये म्हणून मामींनी स्वतः शिवलेले, काठाला झालर लावलेले कव्हर वरून घातलेले. इतक्या किमतीची वस्तू घरात पहिल्यांदाच आली होती. ती जपण्यासाठी प्रत्येकाने आपापल्या परीने जे केले, त्यानेच तिचा श्वास कोंडला होता. पडद्यावर प्रोसेसरचे तापमान १०० अंश दाखवीत होते. डबा कप्प्याबाहेर ओढला, बाजूचा पत्रा काढला आणि दहा मिनिटांत आकडा १२ अंशांनी उतरला. दादा काही बोलला नाही. मामी मात्र म्हणाल्या, "मंग माह्या कव्हरानंच केलं म्हना की सारं!" मला फार वाईट वाटले.

मग बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची वॅटची मर्यादा एक-तृतीयांशाने खाली आणली. हे करताना हात कापत होते, हे कबूल करते. पण वर सांगितलेले गणित कागदावर करून पाहिलेले होते, त्याचा धीर होता. हिवाळ्यात एका तासात होणारे काम आता पासष्ट मिनिटांत होऊ लागले, आणि आधीच्या दुपारी त्यालाच दीड तास लागत होता! ग्राफिक्स कार्डालाही अशीच मर्यादा घालता येते आणि गेममध्ये फरक क्वचितच जाणवतो. एक पैसाही खर्च न होता हे साधते.

खोलीचा मुद्दा राहिला. वरच्या गुणाकारात खोलीचे तापमान सरळ बेरजेत येते. खोली आठ अंशांनी निवली की चिपही आठ अंशांनी निवते. विदर्भाच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर हे काम झकास करतो. (कोकणातल्या मैत्रिणींनी या वाक्यावर विसंबू नये, तिकडच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.) मात्र कूलरचा झोत थेट संगणकावर घेऊ नये. त्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यातले क्षार आत बसतात. दादाने आता कूलर खिडकीत आणि संगणक समोरच्या भिंतीशी, वीतभर जागा सोडून ठेवला आहे.

बाकीचे भाग थोडक्यात उरकते. रॅम एकाच पट्टीची न घेता दोन पट्ट्यांची घ्यावी, दोन वाटांनी माहिती येते. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव इतके चढले की आता आधी भाव विचारून मगच बाकीचा हिशेब मांडावा. आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. ३०० वॅटचे कार्ड आणि सव्वाशे वॅटचा प्रोसेसर असेल तर ७५० ते ८५० वॅटचा, ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचा सप्लाय घ्यावा, कारण कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या पुष्कळ वर उडी मारते. त्याच्याही आधी भिंतीतल्या सॉकेटचे तिसरे भोक तपासावे. दादाच्या घरी त्या भोकाला तारच नव्हती. अर्थिंग नसले की डब्याच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात. सप्लायमधल्या फिल्टरचा प्रवाह जमिनीत जायचा तो पत्र्यावर येऊन बसतो. वायरमनला बोलावून अंगणात अर्थिंग करून घेतले. त्याचा खर्च त्या काचेच्या डब्यातल्या रंगीत दिव्यांपेक्षा कमी आला.

जाळीचा नवा डबा दादाने दिवाळीत घेतला. महिन्यातून एकदा तो संगणक बंद करून, पिन काढून, अंगणात नेतो आणि ब्लोअरने धूळ उडवतो. पंख्याचे पाते त्या वेळी बोटाने धरून ठेवावे लागते, नाही तर ते उलटे भिरभिरून बेअरिंग खराब होते. झालरीचे कव्हर अजून आहे. काम संपवून संगणक निवला की मामी ते स्वतः घालतात, आणि सकाळी दादा उठण्याआधी स्वतःच काढून ठेवतात.